मराठवाड्यात जीवाश्म एवढे दुर्मिळ का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विहीर खोदताना वेगळाच दगड लागला, नांगराच्या फाळाला गोल गोटा अडकला, वाळूच्या ढिगात जड हाड दिसलं, की प्रश्न सुरू होतात. भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला ते वर्गात येतात आणि लग्नाच्या पंगतीतही. त्यातले नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण गोष्टच तशी आहे.

जीवाश्म म्हणजे फक्त डायनासोरची हाडं का?

नाही. जुन्या काळच्या कुठल्याही जिवाची खडकात किंवा गाळात टिकलेली खूण म्हणजे जीवाश्म. हाड, दात, शंख-शिंपले, झाडाचं खोड, पानाचा ठसा, परागकण, चिखलातलं पाऊल, इतकंच काय, वाळून दगड झालेलं शेणसुद्धा. साधारणपणे दहा हजार वर्षांहून जुनं असेल तर त्याला जीवाश्म म्हणतात. ही संशोधकांनी सोयीसाठी आखलेली रेघ आहे. जगात सापडणारे बहुतेक जीवाश्म समुद्रातल्या कवचवाल्या लहान प्राण्यांचे असतात, पण बातमी होते ती डायनासोरची.

हाडाचा दगड होतो म्हणजे नेमकं काय होतं?

पहिली अट म्हणजे लवकर गाडलं जाणं. जनावर मेलं आणि पूर आला, काठ ढासळला किंवा ते दलदलीत रुतलं, आणि कुत्री-कोल्ही पोहोचायच्या आत त्यावर गाळ बसला, तर पुढची गोष्ट घडू शकते. गाळाखाली हवा कमी, म्हणून कुजण्याचा वेग कमी. मांस तरीही जातंच. उरतात हाडं आणि दात.

ताजं हाड वरून घट्ट दिसलं तरी आतून सच्छिद्र असतं. रक्तवाहिन्यांचे मार्ग, मगजाच्या पोकळ्या, पेशींच्या जागा अशी बारीक भोकं त्यात असतात. जमिनीतलं पाणी या भोकांतून वर्षानुवर्षं झिरपत राहतं आणि त्यात विरघळलेली सिलिका, चुना, लोह हळूहळू आत बसत जातं. आवळ्यात पाक मुरून मोरावळा होतो तेव्हा आवळ्याचा आकार तोच राहतो आणि वजन वाढतं, तसंच हे. काही वेळा मूळ पदार्थ कणाकणाने विरघळतो आणि त्याच जागी खनिज बसतं. हे इतकं सावकाश चालतं की झाडाच्या दगड झालेल्या खोडात वाढीची वर्तुळं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशीसुद्धा दिसतात.

हाडाचं स्वतःचं खनिजही बदलतं. पाण्यातलं फ्लोराइड त्यात शिरून बसतं आणि ते अधिक टिकाऊ होतं. नांदेड जिल्ह्याच्या काही भागांत बोअरच्या पाण्यातल्या जास्त फ्लोराइडने जित्या माणसांच्या दातांवर डाग पडतात, हाडं आखडतात. तोच फ्लोराइड मेलेल्या हाडात मात्र त्याला टिकवायचं काम करतो.

याखेरीज दुसरे मार्गही आहेत. शंख पूर्ण विरघळून गेला आणि त्याचा साचा तेवढा उरला, त्या साच्यात नंतर गाळ भरला, तर हुबेहूब शंखासारखा दगड मिळतो, पण त्यात शंखाचा कणही नसतो. पानं दाबली जाऊन कोळशाची काळी पातळ पापुद्री राहते. झाडाच्या चिकात अडकलेला किडा चिकासकट टिकतो.

याला लाखो वर्षं लागतातच का?

लागतातच असं नाही. जपानमध्ये गरम झऱ्याच्या, सिलिकायुक्त पाण्यात ठेवलेलं लाकूड काही वर्षांतच बऱ्याच प्रमाणात दगडी झालेलं नोंदवलं आहे. पाण्यात खनिज किती आणि तापमान काय, यावर वेग ठरतो. दगड व्हायला फार काळ लागतो हे अर्धंच खरं आहे. खरा काळ लागतो तो नंतर न मोडता, न विरघळता टिकून राहायला.

पृथ्वीवर एवढी जनावरं मेली, मग जीवाश्म एवढे थोडे का?

गावाबाहेर टाकलेलं मेलेलं जनावर आठवा. पहिल्या दोन दिवसांत कुत्री आणि कावळे, मग किडे. महिन्याभरात सांगाडा, आणि तोही इकडेतिकडे ओढून नेलेला. उन्हाने हाडाला चिरा पडतात, पावसाने पापुद्रे सुटतात, जाणारी-येणारी गुरं तुडवतात. काही वर्षांत तिथे काहीही नसतं. मेलेल्या जिवाचा नेहमीचा शेवट हाच. निसर्ग काही वाया घालवत नाही, म्हणूनच जुनं फारसं उरत नाही.

यातून जे गाडलं गेलं तेही सुटलं असं नाही. जमीन आम्लधर्मी असेल तर हाड विरघळतं. कोकणातल्या भरपूर पावसाच्या जांभ्या मातीत हाडं टिकणं अवघड, ते याचमुळे. आपली काळी माती अल्कधर्मी, चुन्याची, त्यामुळे या बाबतीत बरी. पण तिची दुसरी खोड आहे. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरचं खाली, खालचं वर असं तिचं घुसळणं चालूच असतं. त्यात नाजूक हाडाचा चुरा होतो.

समजा इथवरही निभावलं. आता तो गाळ आणखी गाळाखाली दबून खडक व्हायला हवा, पण इतका खोल जाता कामा नये की उष्णतेने आणि दाबाने खडकाचं रूपच पालटेल. मग तो भाग वर उचलला जायला हवा, वरचे थर झिजायला हवेत. आणि झीज जीवाश्मापर्यंत पोहोचली की नेमक्या त्याच काळात ओळखणारं कोणी तिथून जायला हवं. दोन पावसाळे उशीर झाला तर जीवाश्म झिजून वाहून गेलेला असतो.

हे प्रमाण किती, याचा एका प्राण्यापुरता अंदाज २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. टायरॅनोसॉरस रेक्स ही जात पृथ्वीवर होती त्या सगळ्या काळात मिळून सुमारे अडीच अब्ज प्राणी होऊन गेले असावेत, आणि त्यातल्या साधारण आठ कोटींमागे एकाचा जीवाश्म आपल्या हाती आला आहे. हा तर अजस्र, जाड हाडांचा प्राणी. बेडूक, फुलपाखरू किंवा गांडुळाचं काय होत असेल याचा विचार करा.

त्यामुळे एखादा जीव जीवाश्मांत दिसत नाही म्हणजे तो नव्हता, असा अर्थ काढता येत नाही. सीलाकँथ नावाच्या माशाचे साडेसहा कोटी वर्षांच्या अलीकडचे जीवाश्मच मिळत नव्हते, म्हणून तो नामशेष धरला होता. १९३८ मध्ये तो दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या जाळ्यात आला.

मग मराठवाड्यातच अशी काय अडचण आहे?

आपल्या पायाखालचा दगड. जीवाश्म टिकतात ते गाळाच्या खडकांत: वालुकाश्म, चुनखडक, शेल. मराठवाड्याचा बहुतेक भाग बेसॉल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वर आला, पसरला, थिजला, त्यावर पुन्हा दुसरा आला. आजही या दख्खनच्या खडकाने सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे. हजार-अकराशे अंश सेल्सिअसच्या त्या रसात जे सापडलं ते जळालं.

विहिरीत उतरणाऱ्या माणसाला हे थर पुस्तकाविना माहीत असतात. वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग कठीण पाषाण, मध्येच एखादा लाल मातीचा पट्टा, आणि पुन्हा पाषाण. तो लाल पट्टा म्हणजे दोन लाव्हांच्या मधल्या काळात तयार झालेली आणि वरच्या लाव्हाने भाजून काढलेली जुनी जमीन. वेरूळ आणि अजिंठ्याला कारागिरांनी एवढा डोंगर कोरला, तो हाच लाव्हा. त्यात शंख-शिंपला शोधायला जाऊ नये.

या लाव्हाची जाडी किती, ते एका दुःखद निमित्ताने नेमकं कळलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला संशोधनासाठी खोल बोअर घेतला गेला. तिथे सुमारे ३३८ मीटर बेसॉल्ट लागला. त्याखाली जेमतेम आठ मीटरचा गाळाचा थर, आणि लगेच पट्टिताश्म, म्हणजे अतिप्राचीन पट्टेदार खडक. लाव्हा येण्याआधीची लातूरकडची जमीन म्हणजे तो आठ मीटरचा थर, आणि तो आपल्यापासून शंभर मजले खाली आहे.

नांदेडच्या पूर्वेला, देगलूर-बिलोलीकडे लाव्हा संपतो आणि ग्रॅनाइट लागतो. तिथे तरी आशा? नाही. तो ग्रॅनाइट जमिनीच्या पोटात थिजलेला आणि अब्जावधी वर्षांपूर्वीचा. हाडं असलेले प्राणी तेव्हा जन्मालाच आले नव्हते.

लाव्हाच्या प्रदेशात कधीच काही सापडत नाही का?

सापडतं, पण लाव्हाच्या आत नव्हे, दोन लाव्हांच्या मध्ये. एक उद्रेक संपून दुसरा व्हायला कधी हजारो वर्षं जात. तेवढ्यात खोलगट जागी तळी साचत, झाडं उगवत, गोगलगायी आणि मासे येत. पुढचा लाव्हा यायच्या आत तळ्याच्या तळाशी गाळ बसलेला असे. असे थर दख्खनच्या पूर्व कडेला जास्त मिळतात: नागपूर, चंद्रपूर, मध्य प्रदेशात छिंदवाडा. नागपूरच्या टाकळीचे जीवाश्म तर १८५० च्या दशकात स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने गोळा केले होते. छिंदवाड्याकडच्या गारेसारख्या कठीण दगडात ताड-माडाच्या जाती, फळं, बिया आणि अझोलासुद्धा मिळाला आहे. दुभत्या जनावरांसाठी शेतात प्लास्टिक अंथरून जो अझोला आपण वाढवतो, त्याचाच हा पूर्वज-भाऊबंद. वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी आणि राव यांनी त्याचं वर्णन केलं.

खुद्द लाव्हातही एक अपवाद प्रसिद्ध आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात १९३५ मध्ये बेसॉल्टमध्ये गेंड्याच्या आकाराची पोकळी सापडली, आत थोडी हाडंही होती. गेंडा पाण्यात पडलेला होता आणि लाव्हा पाण्यात शिरताच थिजला, म्हणून त्याच्या अंगाचा साचा उमटला. या एका गेंड्याच्या जोरावर आपल्या खदानींत शोध सुरू करू नका.

म्हणजे मराठवाड्यात जीवाश्म नाहीतच?

आहेत, आणि हेच मला सर्वांत जास्त सांगायचं असतं. डोंगराकडे बघू नका, नदीकडे बघा.

गोदावरी, मांजरा आणि त्यांच्या उपनद्यांनी लाव्हाच्या कितीतरी नंतर, गेल्या काही लाख वर्षांत आपला गाळ टाकला. काठाच्या उंच दरडीत खाली गोट्यांचा, चुन्याने सिमेंटसारखा घट्ट झालेला थर असतो, वर पिवळसर गाळ, आणि अगदी वर काळी माती. हाडं मिळतात ती मुख्यतः त्या खालच्या गोटे-वाळूच्या थरात. पैठणसमोर, गोदावरीच्या पलीकडच्या मुंगीला १८६० च्या दशकातच भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाच्या विन यांना हाडं असलेल्या थरातून अकीकाचं, माणसाने घडवलेलं पातं मिळालं होतं. वरच्या अंगाला, नाशिक जिल्ह्यात नांदूर मधमेश्वरला मिळालेल्या प्राचीन हत्तीच्या अवशेषांवर भूवैज्ञानिक पिलग्रिम यांनी १९०५ मध्ये लिहिलं. हा हत्ती आजच्या हत्तीपेक्षा बराच थोराड, सरळसर सुळ्यांचा. लातूर जिल्ह्यात मांजरेच्या खोऱ्यातही पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी अशा गाळांचा आणि त्यातल्या जीवाश्मांचा अभ्यास केला आहे.

या दोन खोऱ्यांच्या गाळांतून हत्ती, रानबैल, घोडा, हरणं आणि पाणघोडा असे प्राणी पुढे आले आहेत. हो, पाणघोडा. आज टँकरची वाट बघणाऱ्या मुलखात बारमाही खोल डोह होते, काठाने गवताळ कुरणं होती, त्याशिवाय पाणघोडा राहूच शकत नाही. ही गोष्ट कोट्यवधी वर्षांची नाही, हजारांच्या हिशेबातली आहे, आणि दगडी हत्यारं करणारा माणूस तेव्हा याच नद्यांकाठी होता. मला विचाराल तर डायनासोरपेक्षा ही गोष्ट आपल्या जास्त जवळची आहे. शाळेच्या पुस्तकांत तिला दोन ओळीही मिळत नाहीत, याचं वाईट वाटतं.

शेतात अंड्यासारखे गोल दगड निघाले आहेत. डायनासोरची अंडी असतील का?

जवळजवळ नक्कीच नाही. हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो. बेसॉल्टला आडव्या-उभ्या भेगा असतात. त्यांतून पाणी शिरतं आणि चौकोनी ठोकळ्याचे कोपरे आधी झिजतात. पदरामागून पदर सुटत जातो आणि मधोमध घट्ट गोल गोटा उरतो. रस्त्यासाठी कापलेल्या कोणत्याही मुरमाच्या कडेला असे गोटे ओळीने दिसतील. ते फोडले तर आतबाहेर एकच काळा दगड.

खऱ्या अंड्याला कवच असतं, दोन-तीन मिलिमीटरचं, वेगळ्या रंगाचं, भिंगातून बघितलं तर बारीक छिद्रं दिसणारं. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात डायनासोरची ९२ घरटी आणि २५६ अंडी मिळाल्याचं २०२३ मध्ये जाहीर झालं. ती लाव्हाखालच्या चुनखडीच्या गाळथरात आहेत, बेसॉल्टमध्ये नाहीत.

दगड फोडला तर आत झाडाच्या फांद्यांची काळी नक्षी दिसली.

बहुधा मँगेनीजची नक्षी. भेगेतून खनिजाचं पाणी पसरलं की ते नेच्याच्या पानासारखं फाटे फुटत वाळतं. खऱ्या पानाला मधली शीर आणि ठरावीक मांडणीच्या उपशिरा असतात, इथे फाटे मनाला येतील तसे. विहिरींतून, खदानींतून मिळणारे पांढरे-हिरवे स्फटिक आणि गारगोट्याही जीवाश्म नव्हेत. लाव्हातल्या वायूच्या पोकळ्या नंतर खनिजांनी भरल्या, इतकंच. दिसायला मात्र देखणे असतात.

गावाच्या पांढरीत हाडं आणि खापरं सापडतात. ती जीवाश्म का?

नाहीत. पांढर म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड. तिथली हाडं माणसांनी पाळलेल्या, खाल्लेल्या किंवा पुरलेल्या प्राण्यांची, फार तर दोन-तीन हजार वर्षांची. ते काम पुरातत्त्वाचं. तेर, भोकरदन, पैठण इथला इतिहास अशाच टेकाडांतून उजेडात आला. म्हणून जीवाश्म नाही म्हणजे कवडीमोल, असं समजून ती माती शेतात ओढून टाकू नये.

फरक ओळखायला साधी खूण: जीवाश्म झालेलं हाड त्याच आकाराच्या साध्या हाडापेक्षा चांगलंच जड लागतं आणि नखाने ठोकलं तर दगडासारखं वाजतं. काळ्या मातीतले चुनखडीचे वेडेवाकडे पांढरे खडेही लोक हाडं म्हणून आणतात. त्यांच्यात हाडाची जाळी नसते.

देवघरातला शाळिग्राम जीवाश्म असतो का?

नेपाळातल्या गंडकी नदीतला खरा शाळिग्राम असेल, तर पुष्कळदा हो. आतलं चक्र म्हणजे अमोनाइट या समुद्री प्राण्याचं कवच. आज हिमालय आहे तिथे पूर्वी समुद्र होता, त्याच्या तळाच्या गाळातले ते. ज्या मुलखात जीवाश्म मिळत नाही तिथल्या कित्येक घरांत तो पिढ्यान्‌पिढ्या तुळशीपत्रासह पुजला जातो, याची मला मोठी गंमत वाटते. तपासण्यासाठी फोडायला मात्र सांगणार नाही. आजीबाई घरात घेणार नाहीत.

डायनासोर मराठवाड्यात राहत होते का?

आजूबाजूला होते. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला त्यांची हाडं आणि दगड झालेलं शेण मिळालं. त्या शेणात गवताचे सूक्ष्म अवशेष आहेत, हे २००५ मध्ये कळलं, तोवर डायनासोरच्या काळात गवत नव्हतंच असं मानत. नांदेड सोडून गोदावरी तेलंगणात जाते आणि पुढे प्राणहितेला भेटते, त्या खोऱ्यात लाव्हाहून खूप जुने, ज्युरासिक काळातले गाळाचे खडक उघडे आहेत. बारापासॉरस हा अवाढव्य शाकाहारी डायनासोर तिथलाच. प्राण्यांना जिल्ह्याच्या सीमा नव्हत्या, तेव्हा इथेही ते हिंडले असणार. त्यांची जमीन लाव्हाखाली गेली आहे.

वय कसं ठरवतात?

पन्नासएक हजार वर्षांपर्यंत कार्बन-१४ चालतो, पण त्यासाठी हाडातलं कोलॅजेन हे प्रथिन शिल्लक लागतं आणि आपल्या उष्ण हवेत ते बहुधा उरत नाही. मग हाडात फ्लोरिन किती साठलं ते मोजून एकाच ठिकाणच्या हाडांत जुनं कोणतं, नवं कोणतं ते लावतात. कोट्यवधी वर्षांसाठी लाव्हातल्या पोटॅशियमपासून तयार झालेला आर्गॉन मोजतात. म्हणजे जो लाव्हा जीवाश्म जाळतो, तोच दोन थरांमधल्या जीवाश्मांचं वय सांगतो.

नदीकाठी जड, दगडी हाड सापडलं तर काय करू?

उपटू नका. अर्धं मूल्य जागेत असतं: कोणत्या थरात, किती खोल, शेजारी काय. बाजूला पट्टी किंवा पेन ठेवून फोटो काढा, मोबाइलवर ठिकाण नोंदवा. पाणी लावून घासू नका, फेविकॉल किंवा वॉर्निश तर मुळीच नको. मग जवळच्या भूगर्भशास्त्र विभागाला कळवा. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात भूशास्त्राचा विभाग आहे, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं कार्यालय नागपूरला आहे, आणि नदीगाळातल्या हाडांसाठी डेक्कन कॉलेज.

पूर येऊ घातला असेल किंवा काठ ढासळत असेल, तर मात्र फोटो काढून झाल्यावर हाड भोवतालच्या मातीसकट उचलून कोरड्या कापडात ठेवा.

एक गोष्ट सांगायला हवी. आपल्या नद्यांतले जीवाश्म पुराने जेवढे जात नसतील तेवढे वाळू उपशाने जात असावेत. जेसीबीच्या बकेटमधून चाळणीवर, चाळणीवरून बाजूच्या ढिगात. वाळूच्या ढिगात हाड दिसलं तर वाळू कुठल्या घाटावरची, एवढं तरी विचारून ठेवा. उत्तर मिळेलच असं नाही.

मुलांना खरे जीवाश्म कुठे दाखवता येतील?

गडचिरोलीत सिरोंच्याजवळ वडधमला जीवाश्म उद्यान आहे. मध्य प्रदेशात दिंडोरी जिल्ह्यात घुघवा इथे दगड झालेली झाडं उघड्यावर बघता येतात. गुजरातमध्ये बालासिनोरजवळ रैयोलीला डायनासोरचं संग्रहालय आहे. बारापासॉरसचा उभा केलेला सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आहे. एवढं लांब जायचं नसेल तर उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर मांजरेच्या किंवा गोदावरीच्या एखाद्या उंच दरडीसमोर मुलांना उभं करा आणि खालून वर थर मोजायला सांगा. ढासळत्या कड्याच्या अगदी खाली जाऊ देऊ नका.